डाव्या बाजूचा ब्रेक

"आबा, पाय!"

"कुठाय पाय?"

"ब्रेकवर हाय की तुमचा पाय!"

आबांनी खाली बघितलं. डाव्या सीटपुढच्या ब्रेकवर त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासनं ताठ झालेला होता, आणि तो आपला नसून कुणीतरी तिथं आणून ठेवलाय अशा नजरेनं ते त्याच्याकडं बघत होते. गाडी खडीच्या ढिगाच्या टोकाशी नाक वर करून थांबलेली. मी क्लच सोडला तशी पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, खडी उडाली आणि आम्ही बापलेक घसरत घसरत जिथनं निघालो तिथं परत.

"मी दाबला न्हाई," आबा म्हणाले. "आपोआप दाबला गेला."

सकाळपासनं हे तिसऱ्यांदा झालं होतं. आणि ट्रायल होती दुसऱ्या दिवशी.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तेवीस वर्षांची. माझे वडील बाजीराव इंगवले, म्हणजे कोल्हापुरातलं 'इंगवले मोटार ड्रायव्हिंग स्कूल'. एक माणूस, एक बारकी पांढरी आठशे सीसीची गाडी आणि टपावर लाल अक्षरातली पाटी, एवढाच पसारा. शिकणारा उजवीकडं स्टिअरिंगवर, आबा डावीकडं. त्यांच्या बाजूला जादा ब्रेक बसवलेला, एका लोखंडी दांड्यानं ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला. म्हणजे शिकणारा घाबरला, झोपला, देवाचं नाव घेत बसला, तरी गाडी आबांच्या पायात. गाडीत बसलं की पट्टा लावायच्या आधी ते तो ब्रेक तीनदा दाबून बघायचे. टप, टप, टप. मग म्हणायचे, "कडक हाय." की मगच किल्ली फिरवायची.

"मास्तराचा पाय ब्रेकच्या वर पाहिजे, ब्रेकवर न्हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच, विद्यार्थ्यांशी ते तसंच वागायचे. पोस्टातल्या देशिंगकरबाईंनी एकदा गाडी नारळाच्या हातगाडीवर नेली, तर आबांनी शेवटची वीतभर राहीपर्यंत पाय लावला नाही. म्हणाले, "बाई, तुम्हीच थांबवा." आणि बाईंनी थांबवली.

फक्त मी गाडीत बसले की त्यांचा पाय फिरायचा. समोर म्हैस दिसली, दाब ब्रेक. म्हैस नाही दिसली, येईल म्हणून दाब ब्रेक. मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला, अख्ख्या बॅचमध्ये एकटी पोरगी. चार वर्षांचं लायसन खिशात. तरी चार वर्षांत आबा शेजारी असताना त्यांच्या पायाशिवाय मी एक वळण घेतलं असेल तर शपथ.

त्यात आबांच्या उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, आता ब्रेकबिक बंद करा. आबांनी ठरवून टाकलं, दिवाळी झाली की स्कूल संग्रामकडं द्यायचं. संग्राम म्हणजे माझा चुलतभाऊ. जीप घेऊन रविवारी डोंगरात चिखल तुडवायला जायचा आणि सोमवारी त्याचं कीर्तन करायचा. शिकवायचा त्याला काडीचा नाद नव्हता. पण तो पुरुष होता, आणि मी नव्हते.

एक दिवस हा आमच्याकडं चहाला आला आणि ट्रायलचं सांगत बसला. कागलच्या पलीकडं एक बंद दगडखाण होती. तिथं जीपवाल्यांच्या क्लबची दरवर्षी स्पर्धा व्हायची. उभा चढ, त्यावर तीन झेंडे. पांढरा, पिवळा, तांबडा. गाडी न थांबता तांबड्यापर्यंत न्यायची. थांबली की संपलं.

"गेल्या वर्षी पिवळ्यापर्यंत गेलतो काका. तांबड्याला फक्त तीन जीपा पोचल्या."

"आपली गाडी जाईल की तांबड्याला," मी म्हणालो. आमच्याकडं पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेव्हा बिचकू नका.

"कुठली आपली गाडी?"

"दारात हाय ती."

आबांना चहाचा ठसका लागला. संग्राम तर लोळायचाच बाकी राहिला. आईनं पाठीत थापट्या मारल्या तेव्हा कुठं आबांचा श्वास जागेवर आला. मला मात्र असा संताप आला की काय बोलतेय त्याचं भान राहिलं नाही.

"गेली तर स्कूल मला द्यायचं. डावी सीट माझी."

"आणि न्हाई गेली तर?" आबांनी डोळे पुसत विचारलं.

"तर दिवाळी झाल्यावर मुकाट संग्रामला किल्ली देतो. रुसणार न्हाई."

"ठरलं. पण दोन गोष्टी. शेजारी मी बसणार. आणि माझा ब्रेक काढायचा न्हाई."

शेजारी दुसरा माणूस पाहिजे हा क्लबचाच नियम होता. ब्रेकचं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. तिथंच फसले.

गाडी घेऊन मी गेले उद्यमनगरातल्या वर्कशॉपात, रफिकचाचा शिकलगारांकडं. लेथवर बसले की आख्खा दिवस उठायचे नाहीत, आणि माणूस बोलायला लागला तर मशीन बंद करायचे नाहीत. मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "ही? ही तर स्पीडब्रेकरला पोट घासती."

"म्हणून तर आलो."

मग आमचा उद्योग सुरू झाला. चाचांनी ॲल्युमिनियमचे दोन जाड गोळे कातून पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर बसवले. मागं एका मोडीत निघालेल्या टेंपोच्या स्प्रिंगा कापून घातल्या. गाडी बरोबर दोन इंच वर उचलली. मला चार पाहिजे होते.

"दोनच," चाचा म्हणाले. "त्याच्या वर गेलं की एक्सल तिरका होतो, मग जॉइंट तुटतो. डोंगरात चाक एकीकडं आणि तू एकीकडं."

गाडी आता पाय उचलून चालणाऱ्या कोंबडीसारखी दिसायला लागली. देशिंगकरबाईंना आत चढायला पाट लागायचा. त्या म्हणायच्या, "मास्तर, मी बुटकी झाले का गाडी वाढली?" आबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सर्व्हिसिंग केलंय बाई. हवा खाल्लीय तिनं."

खरं काम डिफरन्शियलचं होतं. पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारी ही गिअरांची डबी. रस्त्यावर ती शहाण्यासारखी वागते, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळू देते. पण खड्ड्यात एक चाक हवेत उचललं गेलं की तिची अक्कल जाते. सगळी ताकद त्या हवेतल्या चाकालाच देते, आणि जमिनीवरचं चाक गप बसून राहतं. गाडी जागची हलत नाही.

"आतले गिअर एकमेकांना वेल्डिंगनं चिकटवून टाकू," चाचा म्हणाले. "मग दोन्ही चाकं बरोबरच फिरणार, हवेत असो नाहीतर जमिनीवर. चढंल बघ ही. पण वळायचं नाव काढायची न्हाई. स्टिअरिंगशी कुस्ती खेळायला लागंल."

दसऱ्याला आठवडाभर स्कूल बंद असायचं. त्या आठवड्यात आम्ही गिअरबॉक्स खाली उतरवला, डबी उघडली, वेल्डिंग मारलं, परत चढवला. ट्रायल झाली की चांगला गिअरसेट बसवून द्यायचं चाचांनी कबूल केलं होतं. घरी येताना गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी वळेचना. टायर किंचाळले, तीन घरांतली माणसं बाहेर आली. पण चढ म्हणाल तर काय सांगू. खडीच्या ढिगावर ती बकरीसारखी चढायची.

चढायची म्हणजे, आबा शेजारी नसले की. आबा बसले आणि टोक जवळ आलं, बॉनेटपुढं नुसतं आभाळ दिसायला लागलं, की त्यांचा पाय गेलाच ब्रेकवर. आणि एकदा गाडी थांबली की मग तिच्या बापाच्यानं तिथनं सुटायची नाही.

तिसऱ्या वेळी घसरून खाली आल्यावर ढिगाशी उभ्या रफिकचाचांनी मला बाजूला घेतलं.

"पोरी, गाडीत काही कमी न्हाई आता."

"मग?"

"एक ब्रेक जास्त हाय."

एवढंच बोलून ते विडी पेटवायला गेले. मला इशारा पुरला.

त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, आबा जेवून आडवे झाले. घोरायचा आवाज नीट लागल्यावर मी गाडीत डोकं घातलं. आबांचा ब्रेक आणि तो लोखंडी दांडा यांना जोडणारी एक पिन होती, करंगळीएवढी. ती काढली. आता आबांनी दाबलं तरी तिकडं माझ्या ब्रेकला पत्ता लागणार नव्हता. पण सकाळचं ते टप-टप-टप? पेडल लुळं लागलं असतं तर जागेवर पकडले गेले असते. म्हणून सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा पेडलच्या मागनं ताणून बांधला. हातानं दाबून बघितलं. अस्सल ब्रेकसारखं कडक. मी स्वतःवरच इतकी खूश झाले की काय विचारता.

राहिली पिन. खिशात ठेवावी तर आई कपडे धुताना खिसे बघायची. हत्यारांच्या डब्यात ठेवावी तर तो डबा आबांचा. शेवटी फडताळात मागं कांदा-लसणाच्या चटणीची नवी बरणी होती, झाकणावरचं फडकंसुद्धा न सोडलेली. पुढची जुनी बरणी अजून अर्धी होती. पिन प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, नव्या बरणीत खोल खुपसली, फडकं पहिल्यासारखं बांधलं. महिनाभर तरी तिथं कुणाचा हात जात नाही, असा माझा हिशेब.

रविवारी सकाळी मी बाहेर, मातीत पकड वाढावी म्हणून, टायरमधली हवा कमी करत होते. आई माझ्या आणि आबांच्या डब्याला भाकरी बांधत होती. आतनं आबांचा आवाज आला, "उजे, चटणी झकास झालीय गं! खाऊन बघ!"

"आता नको आबा, पोटात गोळा आलाय!"

"येणारच. काम तसलंच हाय."

मला वाटलं, ट्रायलचं म्हणतायत.

आबा बाहेर आले ते परीटघडीचा पांढरा सदरा घालून. आईनं गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं, लिंबू ठेवलं, आमच्या दोघांच्या कपाळाला बोट टेकवलं. आबांच्या खिशाला तांबडा डाग लागला होता. "बघा, सदऱ्याला कुंकू सांडलं," मी म्हणालो. आबांनी खिशावर हात ठेवला. "असू दे," म्हणाले. "शुभ असतंय."

आणि डाव्या सीटवर बसले. टप. टप. मग ते थांबले. समोर बघत राहिले. एवढा वेळ, की मला वाटलं आता उतरून वाकून बघतायत. मग तिसऱ्यांदा दाबला. टप.

"कडक हाय," आबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

खाणीत सतरा जीपा आणि एक आम्ही. टपावर पाटी, मागच्या काचेवर लाल 'एल'. माईकवरच्या माणसाला तर लॉटरीच लागली. "आता येत आहे, इंगवले मोटार ड्रायव्हिंग स्कूल! बाजूला सरका मंडळी, रिव्हर्स शिकवायला चाललेत!" संग्रामची जीप नुकतीच पिवळ्या झेंड्याच्या पुढं चार हात जाऊन कडेला रुतून बसली होती. तो चिखलानं माखून आमच्या खिडकीशी आला.

"काका, विमा उतरवलाय न्हवं?"

"तुझ्या जीपला उतरवायला दोर पाहिजे का बघ आधी," आबा म्हणाले.

पहिला गिअर टाकला आणि निघाले. पांढरा झेंडा असाच गेला. खालची माती ओली होती. स्टिअरिंग लाकडासारखं जड, दोन्ही दंड भरून आलेले. पिवळ्याच्या अलीकडं तो प्रसिद्ध खड्डा, तिरका. गाडी त्यात गेली तशी डावं पुढचं चाक हवेत उचललं गेलं. आख्खी जत्रा ओरडली, कारण सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार ते. काहीच झालं नाही. उजव्या चाकानं माती धरली आणि गाडी खड्ड्यातनं बाहेर. माईकवाला मध्येच बोलायचा थांबला.

पिवळा मागं पडला. आणि मग ते टोक आलं. समोर वाट दिसेना, माती दिसेना, नुसतं निळं आभाळ.

"उजे!" आबा ओरडले. "ब्रेक! ब्रेक!"

त्यांचा पाय धाडकन ब्रेकवर पडला. ट्यूब करकरली. ते सीटवरनं निम्मे उठले, एका हातानं दार धरलं, दुसऱ्या हातानं माझा खांदा, आणि सगळं वजन त्या पायावर टाकलं. मला वाटलं पत्रा फाटून पाय जमिनीला टेकतोय. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आबा "थांब" म्हणत होते आणि गाडी माझं ऐकत होती. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

बॉनेट खाली आलं. समोर सपाट माळ. आणि हातभर अंतरावर तांबडा झेंडा.

मी झेंड्यापलीकडं जाऊन गाडी थांबवली, माझ्या ब्रेकनं. खालनं शिट्ट्या, हॉर्न, आरडाओरडा. आबा दार उघडून उतरले, लंगडत चार पावलं गेले, माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. ते मनगटानं डोळे पुसतायत हे मला मागनं दिसलं.

माझी सगळी मस्ती उतरली. पैज जिंकले होते, आणि बापाला फसवून जिंकले होते. त्यांनी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला होता, आणि मी तो रबराला बांधून ठेवला होता. असलं स्कूल घेऊन काय करू?

"आबा," मी म्हणालो, "एक सांगायचंय. तुमच्या ब्रेकची पिन मीच काढलीय. पैज रद्द करा. संग्रामला देऊन टाका स्कूल."

आबा वळले. हात खिशात घातला, त्या तांबडा डाग पडलेल्या खिशात. बाहेर काढून माझ्यापुढं तळहात धरला. त्यावर पिन होती. करंगळीएवढी, चटणीनं माखलेली.

"आईनं जुनी बरणी डब्यात रिकामी केली," ते म्हणाले. "नवी फोडली. पहिल्याच घासाला दाताखाली आली."

"म्हणजे... तुम्हाला बसायच्या आधीच..."

"अठ्ठावीस वर्षं डावीकडचा ब्रेक दाबतोय मी. रबराचा आणि लोखंडाचा फरक कळत न्हाई होय मला?"

"मग घातली का न्हाई परत?"

"घालणार होतो. बसलो तेव्हासुद्धा घालणार होतो." आबांनी पिन बोटांत फिरवली. "दुसऱ्यांच्या पोरांना शिकवताना हा पाय शहाण्यासारखा वागतो. तू बसलीस की ऐकत न्हाई माझं. तुझ्यात काही कमी न्हाई उजे, भ्या माझ्यात हाय. ते काही जायचं न्हाई. मग म्हटलं, पिनच राहू दे खिशात."

"आणि मगाशी एवढ्या जोरात दाबत होता ते? माहीत असून?"

"मला माहीत होतं," आबा म्हणाले. "पायाला कुठं माहीत होतं?"

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. आबांनी मला रडू दिलं. मग सदऱ्याच्या बाहीनं माझं तोंड पुसलं. बाहीला चटणीचा हात लागलेला होता, त्यामुळं डोळ्यांची जी आग झाली ती सांगायची सोय नाही. मी नाचतेय, आबा पाण्याची बाटली शोधतायत, आणि खालच्या लोकांना वाटलं आम्ही आनंदानं नाचतोय. माईकवाला तसं म्हणालासुद्धा.

डोळे निवल्यावर बघते तर आबा उजव्या सीटवर, स्टिअरिंगपुढं बसलेले.

"चल, बस डावीकडं," म्हणाले. "खाली मी नेतो."

मी फिरून डाव्या बाजूनं गेले. त्या सीटवर मी त्याआधी कधी बसलेच नव्हते. ती आबांची जागा, घरातलं कुणी तिथं बसत नसे. सीट त्यांच्या वजनानं एका बाजूला दबलेली होती. पायाखालचं रबर झिजून पत्रा दिसत होता. मी नकळत ब्रेकवर पाय ठेवला. टप, टप, टप.

"कडक हाय का?" आबांनी विचारलं.

"रबर हाय आबा."

"मग झालं तर."

माळाच्या मागनं खाली जायला बैलगाडीची वाट होती, वळणावळणाची, एका बाजूला खाण तोंड वासून. आबांनी गाडी सोडली ती सोडलीच. डिफरन्शियल वेल्ड केलेलं, गाडी वळेना. आबा दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळलेले, बाहेरचं चाक वाटेच्या कडेला, खालची खाण माझ्या खिडकीत.

"आबा हळू! आबा!"

आबांना हसू आवरेना. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी आणखी रेटली आणि विचारलं, "उजे, पाय कुठाय तुझा?"

मी खाली बघितलं.